चहा टाक, पण टाकून देऊ नकोस : ‘टाकणे’ आणि त्याच्या भावकीतली क्रियापदं कुठे, कशी वापरावीत

दादरच्या आमच्या ऑफिसात लखनौहून आलेली एक मुलगी आहे. मराठी शिकायची तिला फार हौस, म्हणून तिच्याशी हिंदीत बोलायचं नाही असा आमचा करार आहे. एका दुपारी मी तिला म्हटलं, “मी चहा टाकते. थर्मासात सकाळचा उरलाय, तो टाकून दे.” ती थर्मास धरून उभीच राहिली. “ताई, म्हणजे दोन्ही फेकायचे?”

मला हसू आलं, पण चूक तिची नव्हती. कोशात ‘टाकणे’समोर फेकणे, त्यागणे, सोडणे, घालणे अशी शब्दांची रांग लागलेली असते. रांगेतला कुठलाही उचलावा आणि कुठेही बसवावा, असं वाचणाऱ्याला वाटतं. मी भाषांतरं आणि मुद्रितं तपासून पोट भरते. अशा बसवलेल्या शब्दांवर माझं लाल पेन बरंच झिजतं. ‘तिने आपले बालपणीचे फोटो टाकले’ असं वाक्य समोर येतं आणि कळत नाही, की बाईंनी ते स्टेटसला ठेवले की कचऱ्यात घातले. म्हणून ही पायऱ्यापायऱ्यांची वाट लिहून काढली. शिकवणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना तर ती उपयोगी पडेलच. घरात मराठी बोलतात, पण मुलाने ‘मी दप्तर फेकलं’ म्हटल्यावर काय खटकलं ते ज्यांना सांगता येत नाही, त्या आईबापांनाही पडेल.

पहिली पायरी : ‘टाकणे’तून आधी कचरा बाहेर काढा

‘टाकणे’ म्हणजे हातातली वस्तू सोडणं, कुठेतरी पडू देणं. ती नकोशी झाली आहे, असं या क्रियापदात मुळीच नाही. आपण कुकरला खिचडी टाकतो. पाहुणे आले की बाहेरच्या खोलीत गादी टाकतो. पत्र पेटीत टाकतो, पैसे खात्यात टाकतो, नोकरीसाठी अर्ज टाकतो, ओळखीच्या माणसाकडे भाच्यासाठी शब्द टाकतो. विरारच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस रुमालाला कंटाळलेला नसतो. उलट या सगळ्या टाकण्यांत पुढे काहीतरी होईल अशी आशा असते. चहा उकळेल, पत्र पोचेल, बसायला मिळेल.

मग ‘कचरा टाकणे’मध्ये नकोसेपणा कुठून येतो? तो ‘कचरा’ या नामातून येतो. क्रियापद तेच आहे, नाम बदलून पाहा. ‘खाली जाऊन पिशवी टाक’ हे वाक्य आमच्या घरात ऐकलं तर आधी विचारावं लागतं, कुठली पिशवी? ओल्या कचऱ्याची असेल तर हिरव्या डब्यात जाईल, इस्त्रीच्या कपड्यांची असेल तर इस्त्रीवाल्याकडे.

गिरगावातल्या चाळीत हे फार सुंदर दिसायचं. खालून हाक यायची, “काकू, किल्ली टाका!” आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून किल्ली खाली यायची. ‘किल्ली फेका’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, फक्त काकूंनी जरा जोर लावला असता. ‘किल्ली टाकून द्या’ म्हटलं असतं तर रात्र जिन्यातच काढावी लागली असती.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा, कारण तो प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून गेलेला आहे : ‘पानात टाकू नकोस.’ इथे ‘टाकणे’ एकटंच उभं आहे आणि तरी अर्थ वाया घालवण्याचा आहे. गंमत म्हणजे इथे कोणी काहीच हलवलेलं नसतं. भात जिथे वाढला तिथेच राहिला आहे, पण तो उष्टा सोडून उठणं हेच टाकणं. याच्या जागी ‘ताटात फेकू नकोस’ असं भाषांतरित पुस्तकात छापलेलं मी पाहिलं आहे. डोळ्यांपुढे शितं उडवणारं पोर येतं.

आणि ते जुनं भांडण : भाजीत मीठ टाकायचं की घालायचं? पुण्याकोकणाकडे घालतात, विदर्भात टाकतात, मुंबईत एकाच मजल्यावर दोन्ही ऐकू येतं. मी स्वतः घालते. पण दुसऱ्याच्या टाकण्यावर लाल पेन चालवत नाही. ते अशुद्ध नाही, वेगळ्या गावचं आहे. फक्त कपड्यांपाशी सांभाळा : कपडे अंगात घालतात आणि मशीनमध्ये टाकतात.

दुसरी पायरी : ‘टाकून दे’ आणि ‘देऊन टाक’

वेळ थोडा असेल तर एवढी पायरी तरी वाचा. दोन क्रियापदं तीच, क्रम उलटा, आणि अर्थात जमीन-अस्मानाचा फरक.

‘जुना मिक्सर टाकून दे’ म्हणजे तो कचऱ्यात जाईल, कोणाच्या हाती पडतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ‘जुना मिक्सर देऊन टाक’ म्हणजे कोणीतरी घेणारा आहे. भंगारवाला, वॉचमन, कामाच्या मावशी, कोणीही. आपल्याला तो एकदाचा घरातून जायला हवा आहे.

रचना अशी चालते. ‘-ऊन’ लागलेलं पहिलं क्रियापद खरं काम सांगतं. दुसरं त्या कामाचा रंग सांगतं. दुसऱ्या जागी ‘देणे’ आलं की वस्तू आपल्यापासून दूर जाते : फेकून दे, सोडून दे, ओतून दे. दुसऱ्या जागी ‘टाकणे’ आलं की काम एकदाचं उरकतं, डोक्यावरचं उतरतं : सांगून टाक, विकून टाक, भरून टाक ते बिल. त्यात किंचित वैताग असतो, किंवा सुटका.

‘घेणे’ शेजारी ठेवून पाहिलं की हा रंग लख्ख दिसतो. आई म्हणते, “दोन घास खाऊन घे.” इथे काळजी तुमच्या पोटाची आहे. आई म्हणते, “तेवढा एक लाडू खाऊन टाक.” इथे काळजी डब्याची आहे, तो घासायला हवा आहे. हे कोणी आपल्याला शिकवलेलं नसतं, पण मराठी माणूस यात सहसा चुकत नाही. शिकणारा चुकतो, आणि अलीकडे यंत्राकडून भाषांतर करून घेणाराही.

मर्यादाही सांगते. हे ‘टाकणे’ बहुधा सकर्मक क्रियापदांनाच चिकटतं. करून टाक, लिहून टाक, पुसून टाक चालतं. ‘येऊन टाक’, ‘जाऊन टाक’ कोणी म्हणत नाही, तिथे ‘येऊन जा’, ‘निघून जा’. ‘फेकून दे’ आणि ‘फेकून टाक’ दोन्ही आहेत. पहिल्यात वस्तू जाते, दुसऱ्यात कटकट जाते. ‘टाकून टाक’ मात्र कानाला सहन होत नाही, आणि ‘देऊन दे’ मुंबईच्या रस्त्यावर ऐकू आलं तरी लिहिताना टाळावं.

लिंगवचन कुठे बसतं, तेही इथेच उरकून टाकू (बघा, आलंच). भूतकाळात शेवटचं क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं : मी डबा टाकून दिला, मी पिशवी टाकून दिली, तिने वर्तमानपत्रं टाकून दिली, त्याने कपडे टाकून दिले. टाकणारा बाप्या की बाई, याच्याशी संबंध नाही. ‘मी पिशवी टाकून दिलं’ असं आता मराठी शाळेतली मुलंही बोलतात. रागवू नका, पण सोडूनही देऊ नका.

तिसरी पायरी : हात कसा हलला?

आता खरोखर भिरकावण्याकडे येऊ. इथे मराठी फार बारकाईने पाहते.

फेकणे : हाताला जोर आहे, वस्तू लांब जाते, बहुतेक वेळा दिशाही ठरलेली आहे. नीरज चोप्राने २०२१ साली टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला, ‘टाकला’ नाही. म्हणूनच भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक, नाणेफेक. फेकण्यात नकोसेपणा असतोच असं नाही. नकोसेपणा हवा असेल तर ‘फेकून देणे’ म्हणावं लागतं.

हा फरक शिकायला शिवाजी पार्कसारखी शाळा नाही. गोलंदाज चेंडू टाकतो, षटक टाकतो. सीमारेषेवरचा पोरगा तोच चेंडू यष्टिरक्षकाकडे फेकतो. गोलंदाजाबद्दल कोणी पुटपुटलं, “हा फेकतोय,” तर तो आरोप आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की शैली अवैध ठरते. ते सगळं कलम मैदानावर एका क्रियापदात मावतं.

समुद्राकडे वळलात तर तिथेही हीच जोडी भेटते. वरळी कोळीवाड्यातून होडी निघते आणि खोल पाण्यात जाळं टाकते, म्हणजे सोडते आणि वाट पाहते. खडकांवर उभा राहून हातातलं छोटं जाळं गोल उघडेल असं हवेत उडवणारा मात्र ते फेकतो.

भिरकावणे : हाताला गिरकी आहे, आणि बहुधा डोक्यात राग. गोफणीतून दगड भिरकावतात, वहीत शेरा पाहून वही भिरकावतात. रागाशिवाय हे क्रियापद वापरलं तर वाचक राग शोधत बसतो.

उधळणे : चहूकडे. गुलाल उधळतात, फुलं उधळतात. डाव उधळला की सोंगट्याही चहूकडे आणि बेतही.

झोकून देणे : यात वस्तू आपणच असतो. माणूस चळवळीत स्वतःला झोकून देतो, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कित्येकांनी दिलं. ‘स्वतःला फेकून दिलं’ असं लिहिलंत तर वाचकाला गच्ची दिसेल.

झटकणे, लोटणे, ढकलणे यांच्यावर फार थांबत नाही. धूळ झटकतात, जबाबदारीही झटकतात. दार लोटतात. आजचं काम उद्यावर ढकलतात, आणि उद्याचं, म्हणू नये पण, सोमवारवर.

चौथी पायरी : वस्तू कोणत्या मानाची आहे?

घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण एकच क्रियापद देत नाही. सगळ्यात वर देवाची फुलं. निर्माल्य कोणी फेकत नाही, त्याचं विसर्जन करतात. चौपाटीवर महापालिका ठेवते तो ‘निर्माल्य कलश’ असतो. कामाने ती कचरापेटीच आहे, पण तिला तसं म्हणायची कोणाची जीभ होणार नाही. कलशात निर्माल्य ‘टाकतात’ असं चालतं, ‘फेकतात’ म्हटलंत तर शेजारची आजी वळून बघेल.

त्याखाली, ज्यांची अजून किंमत येते त्या वस्तू. वर्तमानपत्रं रद्दीत घालतात. लोखंड, पितळ, बंद पडलेला पंखा भंगारात काढतात. तुटलेली सोन्याची साखळी मोडीत काढतात किंवा नुसती ‘मोडतात’. जुने कपडे बोहारणीला देतात आणि तिच्याकडून पातेलं घेतात. या कुठल्याच ठिकाणी ‘फेकून दिलं’ खरं नाही, आणि मुंबईत तर नाहीच. फेकून दिलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा ते धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये कोणीतरी प्लॅस्टिकच्या रंगाप्रमाणे निवडत बसलेलं असतं. भाषांतर करताना मूळ वाक्यातला माणूस वस्तू खरंच उकिरड्यावर टाकतो आहे, की विकतो आहे, की कोणाला देतो आहे, हे आधी पाहा. क्रियापद नंतर.

द्रव पदार्थांचं निराळं. नासलेलं दूध ओतून देतात. वरण कोणी जाणूनबुजून सांडत नाही. सांडणे हे चुकून घडतं. तळाशी साचलेलं पाणी उपसतात. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली. पाणी ओसरू लागल्यावर तळमजल्यांवरच्या लोकांनी घरातलं उरलेलं पाणी बादल्यांनी उपसून बाहेर ओतलं. ‘पाणी फेकलं’ म्हणायचं ते कोणाच्या तरी अंगावर फेकलं असेल तेव्हा.

‘सांडणे’वरून आठवलं. जुन्या मराठीत हे नुसतं चुकून घडणारं क्रियापद नव्हतं. तिथे सांडणे म्हणजे टाकणं, सोडणं, आणि सुटून जाणंही. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे, त्याचा अर्थ दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो. शाळेत आम्ही ते रोज म्हणत होतो आणि माझ्या मनात कितीतरी वर्षं कोणीतरी काहीतरी जमिनीवर सांडलं होतं. आज कोणी ‘त्याने दारू सांडली’ लिहिलं, तर दारू फरशीवर गेली असाच अर्थ लागेल. सुटली असेल तर ‘सोडली’ लिहा.

पाचवी पायरी : हातात न येणाऱ्या गोष्टी

इथे नामाकडून क्रियापदाकडे जायचं. नाम आधी लिहा आणि त्याचं ठरलेलं क्रियापद आठवा. संधी दवडतात. वेळ वाया घालवतात. पैसा बापाचा असेल तर उडवतात, लग्नात उधळतात, फसव्या योजनेत पाण्यात घालतात. आरोप फेटाळतात, विनंती धुडकावतात, गुलामी झुगारून देतात, सवय सोडतात, तक्रारीला केराची टोपली दाखवतात. ‘संधी फेकून दिली’ हे परक्या वाक्याचं कलेवर आहे. आशय कळतो, पण जीव नाही.

उलट ‘टाकणे’ स्वतः अशा कितीतरी ठिकाणी ठाण मांडून बसलं आहे, तिथून त्याला हलवू नका. साप कात टाकतो. हरलेला नांगी टाकतो. पाणी न मिळालेलं रोप मान टाकतं. आजी नातवावर जीव टाकते. पोलीस धाड टाकतात, दरोडेखोर दरोडा, गाव एखाद्याला वाळीत. सासू टाकून बोलते, आणि त्यातलं टाकणं कोणत्याही फेकण्यापेक्षा जास्त लागतं.

मुंबईत ‘फेकणे’ला आणखी एक अर्थ आहे, तो तर सांगायलाच हवा : थापा मारणे. “काय फेकतोयस!” हे गप्पांत खुशाल म्हणा. लेखात ‘बढाया मारतो’ लिहा.

सहावी पायरी : माणसाबद्दल लिहिताना

हात जरा आखडता घ्या. ‘नवऱ्याने टाकलेली’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आहे, मी तो लपवणार नाही. पण त्यात बाई वस्तू होते आणि टाकणारा वाक्यातून निसटतो. कथेतल्या पात्राच्या तोंडी तो शोभत असेल तर ठेवा. लेखक म्हणून स्वतः लिहिताना ‘नवरा तिला सोडून गेला’ लिहा, म्हणजे गेला कोण ते तरी कळतं. सरकारी अर्जावर ‘परित्यक्ता’ असतं. तो शब्द सभ्य दिसतो, पण ‘टाकलेली’चंच ते संस्कृत रूप आहे.

नोकरी, पद, संघ यांतून बाहेर काढायला मात्र मराठीत शब्दांची चंगळ आहे, आणि त्यांच्या पायऱ्याही आहेत. निलंबित केलेला परत येऊ शकतो, बडतर्फ केलेला नाही. उचलबांगडी म्हणजे या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, बहुधा लांबच्या. संघातून डच्चू देतात. नारळ देतात तेव्हा वरवर मान राखलेला असतो. अर्धचंद्र देतात तेव्हा मानेवरच हात असतो, कारण हाताचा पंजा गळ्यापाशी लावला की त्याचा आकार अर्ध्या चंद्रासारखा होतो. बोलताना ‘काढून टाकलं’ पुरतं. ‘फेकून दिलं’ म्हणायचं तर अपमान झाल्याचं सांगायचं असेल तेव्हाच.

सातवी पायरी : कागदोपत्री

अहवालात, नोटिशीत, सोसायटीच्या फलकावर वेगळे शब्द लागतात. कचऱ्याची ‘विल्हेवाट लावतात’. यातला ‘विल्हे’ गाळून नुसती ‘वाट लावली’ लिहिलंत तर अध्यक्ष रागावतील. सांडपाण्याचा निचरा करतात. नियम रद्द करतात, मजकूर वगळतात, अट काढून टाकतात.

देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. बोलताना सगळे त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात, कागदोपत्री ती ‘क्षेपणभूमी’ आहे. मला हा शब्द आवडतो, कारण त्यातला ‘क्षिप्’ हा संस्कृत धातू म्हणजे फेकणे, आणि तो एकदा ओळखीचा झाला की सगळीकडे दिसू लागतो. क्षेपणास्त्र हे फेकण्याचं अस्त्र. प्रक्षेपण म्हणजे कार्यक्रम दूरवर फेकणं. आक्षेप कोणावर तरी फेकलेला असतो, हस्तक्षेप म्हणजे मध्येच टाकलेला हात. पोथीत मागाहून कोणी घुसडलेली ओवी प्रक्षिप्त. देवनारचा ढीग आणि श्रीहरिकोट्याचं उड्डाण एकाच धातूतून निघालं आहे.

फलकांबद्दल एक व्यावहारिक सूचना. ‘येथे कचरा टाकू नये’ हे नियमासारखं वाटतं, ‘टाकू नका’ हे समोरच्याशी बोलल्यासारखं, आणि ‘टाकण्यास सक्त मनाई आहे’ यातून दंडाचा वास येतो. आमच्या जिन्यात तिन्ही लागून झाले. ‘येथे कचरा टाकला जाऊ नये’ मात्र कुठेच लावू नका. अशा कर्मणी वळणाची इथे गरजच नाही. ते राखून ठेवा अपघातासाठी : ‘धडकेने दुचाकीस्वार दूर फेकला गेला.’ तिथे फेकणारं खरंच कोणी नसतं.

सराव

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढाल तेव्हा करून बघा. माळ्यावरून एकेक वस्तू खाली घ्या आणि तिचं क्रियापद मोठ्याने म्हणा. औषधांची मुदत संपली आहे : टाकून द्या. मुलीचा लहान झालेला गणवेश धड आहे : देऊन टाका. पितळी समई : भंगारात काढू नका, घासून ठेवा. वीस वर्षांची विजेची बिलं : फाडून रद्दीत. आजोबांची पत्रं हातात आली तर क्रियापद शोधू नका, पेटी परत माळ्यावर टाका.

लखनौच्या मुलीने गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं : “सकाळचं दूध नासलं, ओतून दिलं. टेट्रापॅक मागवलाय. दोन सामोसे उरलेत, कोणीतरी खाऊन टाका. चहा टाकतेय.”